क्रमांक सातचं वय

भाद्रपदातल्या एका मंगळवारी माझे बावीसच्या बावीस संगणक एका तासात म्हातारे झाले. सकाळी दहाला धडधाकट होते, अकराला कालबाह्य. मी स्वतः अठ्ठावन्न वर्षांची आहे. मला निदान इतकी वर्षं तरी लागली.

मी प्रमिला शेटे. बार्शीत मला सगळे शेटेबाई म्हणतात. कापड लाइनीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमची गतिमान टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. माझ्या वडिलांनी ती १९७९ साली सहा टाइपरायटरांवर सुरू केली. आज २०४१ साली कुणी टायपिंग शिकतं का, असं पुण्यामुंबईची माणसं मला विचारतात. बोललं की यंत्र लिहितं, मग बोटं कशाला झिजवायची? मी त्यांना कोर्टात पाठवते. बनावट आवाजांचे खटले वाढले, मेलेली माणसं साक्षी देऊ लागली, तेव्हा सरकारने नियम केला की कोर्टाची साक्ष आणि महसुलाचा पंचनामा माणसाच्याच बोटांनी टंकलेला हवा. त्यामुळे मिनिटाला तीस मराठी शब्दांचं सर्टिफिकेट हातात असलेल्या पोरीला आज जितका मान आहे तितका माझ्या तरुणपणीही नव्हता.

तर मंगळवारी मीनल दुधाळ आली. तालुक्याची वयप्रमाण निरीक्षक. गळ्यात ओळखपत्र, हातात वाचक नावाचं एक छोटं यंत्र आणि पिशवीत स्टिकर, हिरवे आणि लाल. सहा वर्षांपूर्वी हीच मीनल माझ्याकडे सात नंबरच्या संगणकावर शिकली होती. तिच्या वडिलांना मी तीनदा घरी जाऊन भेटले, तेव्हा कुठे त्यांनी तिला परीक्षेला बसू दिलं. जिल्ह्यात पहिली आली.

ती एकेका संगणकाला वाचक लावत गेली आणि आकडे म्हणत गेली. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. सात नंबरचा आला सत्त्याऐंशी. ऐंशी वा अधिक म्हणजे कालबाह्य. बावीस लाल स्टिकर चिकटले.

हे वय काय प्रकरण आहे ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गेली काही वर्षं प्रत्येक चिपमध्ये एक वयमापी असतो. दोन अगदी सारखी, बारीक मंडलं. एक चिपबरोबर सतत राबतं, दुसरं निवांत ठेवलेलं. दोघांचा ठोका सुरुवातीला एकच असतो. राबणाऱ्याचा ठोका हळूहळू मंदावतो, कारण दाब आणि उष्णता यांनी चिपच्या आतल्या पातळ थरात विजेचे कण अडकून बसतात. दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं की चिप किती थकली ते टक्क्यांत कळतं. जुन्या यंत्रांमुळे चुका होतात, चोऱ्या होतात, म्हणून ऐंशीच्या पुढचं यंत्र सरकारी कामाला चालणार नाही, असा कायदा झाला. ऐकायला चांगलाच आहे. मीही पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या होत्या.

"मीनल," मी म्हटलं, "माझ्याच हाताखाली शिकलीस आणि माझ्याच यंत्रांना लाल चिकटवतेस?"

"बाई, मी वाचक लावते. आकडा येतो. तसं स्टिकर लावते. माझं काय आहे त्यात?"

"मग तुझी तरी गरज काय? वाचकालाच दोन पाय लावून पाठवायचं होतं."

तिचा चेहरा उतरला. स्टिकरची पिशवी बंद करून ती म्हणाली, "पंचेचाळीस दिवसांनी फेरतपासणी असते. एकदाच. तेव्हाचा आकडा अंतिम." आणि जिना उतरून गेली. माझी जीभ तिखट आहे, हे मला माहीत आहे. त्या दिवशी जरा जास्तच चालली.

परीक्षा केंद्राला वीस चालू यंत्रं लागतात. नसली तर केंद्र रद्द, आणि माझे एक्केचाळीस परीक्षार्थी सोलापूरच्या केंद्रात. ते केंद्र सहचर कंपनीचं. आमच्या संगणकांतली सहचर नावाची प्रणालीही त्यांचीच आणि नवीन यंत्रंही तेच विकतात. असू दे बापडे. पण एक्केचाळीसांत कौसल्या माने होती.

कौसल्या पानगावची. तेहेतीस वर्षांची, नवरा गेलेला, एक मुलगी. कोर्टातल्या जागेसाठी तिच्या वयाची मर्यादा याच वर्षी संपत होती. डिसेंबरची परीक्षा हुकली तर संपलं. बातमी कळल्यावर ती म्हणाली, "बाई, बार्शीला दोन तास येते तर सासूबाई घड्याळ बघत दारात बसत्यात. सोलापूरला कोण पाठवतंय मला?"

"तुला कुठंही जायचं नाही. तू इथंच बसणार आहेस," मी सांगितलं. कशाच्या जोरावर सांगितलं, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका कागदाने आमचे टाइपरायटर कालबाह्य ठरवले होते. चौदा यंत्रं टेंपोत भरून भंगारात गेली. वडिलांनी त्या सकाळी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, टेंपोला हात केला आणि खुर्चीत येऊन बसले. पुढच्या वर्षी ते गेले. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्याचा मला अजून राग येतो. त्या कागदाचा नव्हे, माझा.

आमच्याकडे नवरात्रात घट इन्स्टिट्यूटमध्येच बसतो. वडिलांची पद्धत. जिथं अन्न मिळतं तिथं देवी. एक नंबरच्या टेबलावर पत्रावळ, माती, पेरलेले गहू, मधे घट. मातीला रोज पाणी घालायचं असतं म्हणून एक नंबरची वायर भिंतीतून उपसून, संगणकावर धुतलेलं फडकं टाकून ठेवायचं. नऊ दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही.

खंडेनवमीला नेहमीप्रमाणे गुलाब तांबोळी आले. मी त्यांना चाचा म्हणते. वय पंचाहत्तर. वडिलांच्या काळापासून टाइपरायटरची दुरुस्ती त्यांच्याकडे, आणि टाइपरायटर गेल्यावर ज्या हातांनी कळा सरळ केल्या त्याच हातांनी ते संगणक उघडायला शिकले. खंडेनवमीला येऊन सगळ्या यंत्रांची धूळ काढायची, मग पूजा, मग शेंगदाण्याची पोळी, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. त्या दिवशी त्यांनी बावीस लाल स्टिकरांवरूनही फडकं फिरवलं.

दसऱ्याला घट उठला. गव्हाचे हिरवे कोंब सगळ्यांनी कानावर खोवले. दुसऱ्या दिवशी वर्गाआधी मी एक नंबरची वायर लावली, आणि सहचरने रोजच्यासारखा आपला पाढा म्हटला: "नमस्कार. आपल्या यंत्राचे वय..."

अठ्ठ्याहत्तर.

मी चष्मा पुसला. महिन्याभरापूर्वी चौऱ्याऐंशी होतं. बंद केला, चालू केला. अठ्ठ्याहत्तर.

चाचांना बोलावून घेतलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. "बाई, घट बसवला म्हणून देवी पावली म्हणायचं काय?"

"देवीला दुसरी कामं आहेत चाचा. नीट बघा."

आम्ही तीन दिवस नुसतं बघितलं. एक नंबर वर्गात चालू ठेवला. पहिल्या संध्याकाळी ऐंशी. दुसऱ्या दिवशी ब्याऐंशी. तिसऱ्या दिवशी त्र्याऐंशी. नऊ दिवसांत मिळवलेलं तीन दिवसांत गेलं.

मग चाचांनी मांडी घातली आणि माझ्याकडे नाही, संगणकाकडे बघून बोलले. "ह्यो म्हातारा न्हाई. ह्यो दमलाय. दमलेला माणूस निजला की उठतो, मेलेला उठत न्हाई."

"पण रोज संध्याकाळी आपण बंद करतोच की."

"तुम्ही करता. सहचर होतो काय बंद?" त्यांनी एक यादी उघडली. कुणीही कळीला हात लावलेला नव्हता आणि आत दीडशे कामं चालू होती. कोण काय बोलतंय ते ऐकणं, पुढचा शब्द कोणता असेल ते ताडणं, ताडलेलं कंपनीला कळवणं, जाहिरात निवडणं. पडदा काळा केला तरी हे सगळं आत चालूच. "घरात माणूस एक अन् पाव्हणे दीडशे. चूल इझणार कधी?"

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की त्यात चमत्कार काही नव्हता. चिपमध्ये अडकलेल्या कणांपैकी बरेचसे, दाब काढला की आपोआप सुटतात. काही कायमचे राहतात, ते खरं म्हातारपण. बाकीचा नुसता शीण. ही गोष्ट चिप बनवणाऱ्यांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे. फक्त वयमापी खरं वय आणि शीण वेगळे दाखवत नाही आणि सहचर यंत्राला कधी विसावा देत नाही. जो माणूस बैलाला रात्रंदिवस जुंपतो तोच येऊन सांगतो की तुझा बैल म्हातारा झाला, माझ्याकडून नवीन घे. मला इतका संताप आला की हातातला खडू मोडला.

"वर्ग बंद ठेवून सगळ्यांना निजवू," चाचा म्हणाले.

"आणि पोरी सराव कशावर करतील? परातीवर?"

तेव्हा त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात मुंगी होती.

मुंगी ही प्रणाली कुणाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेली, फुकट, आणि तिच्या आतली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते. ती मुळात जुन्या यंत्रांसाठीच केलेली. सांगितलेलं काम करते आणि काम नसलं की चिपला झोपवते. नुसतं रात्री नव्हे. तीस शब्दांचा वेग म्हणजे मिनिटाला दीडशे कळा. दोन कळांच्या मधे जेवढा वेळ जातो तेवढ्यात आपली पापणी जेमतेम लवते, पण चिपच्या हिशेबाने ती एक अख्खी दुपार असते. मुंगी त्या दुपारी चिपला डुलकी काढू देते. म्हणजे पोरी सराव करणार आणि यंत्रं त्याच वेळी विसावा घेणार.

दुपारच्या दोन वर्गांमधल्या वेळात आम्ही एकेक यंत्र घेतलं. चौदा नंबर मात्र हात लावण्याआधीच गेला. त्याचं खरंच वय झालं होतं. राहिले एकवीस. सहचर काढून टाकताना ते तीनदा विचारतं, "आपल्याला खात्री आहे का?" मी तिन्ही वेळा बटण जरा जोरातच दाबलं.

आणि पहिल्याच वर्गात फजिती. मुंगीत मराठी होती, पण कळांची मांडणी शाळेतली. आमच्या पोरी टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर शिकतात, परीक्षाही त्याच मांडणीवर. ती मुंगीला कुणी शिकवलीच नव्हती. चाचा म्हणाले, कळांची यादी एका साध्या फायलीत असते, कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर ते लिहायचं, बस. मी लिहायला बसले आणि काय सांगू, चाळीस वर्षं शिकवतेय, पण 'ण' कुठे आहे ते मला सांगता येईना! बोटांना माहीत होतं, मला नव्हतं. शेवटी डोळे मिटले, टेबलाच्या मोकळ्या लाकडावर एक पूर्ण उतारा टंकला आणि कौसल्या शेजारी बसून माझी बोटं कुठे पडतात ते लिहून घेत गेली. दोन कळांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशी वर्गाने 'माननीय न्यायाधीश' टंकलं आणि पडद्यावर जे उमटलं ते वाचून सगळा वर्ग लोळला. दुरुस्त केलं. आता ती फाईल माझी होती. म्हणजे कुणाचीही.

तिसऱ्या दिवशी सहचरचा फोन आला. आवाज गोड. "मॅडम, आपली यंत्रं आम्हाला दिसेनाशी झाली आहेत."

"मला तर दिसतायत. माझ्यासमोरच आहेत."

"आपण अनधिकृत प्रणाली वापरत असाल तर आमची सेवा आणि हमी दोन्ही रद्द होईल."

"कालबाह्य ठरवलेल्यांची हमी कसली देताय? म्हाताऱ्याला पाळण्यात घालण्यातला प्रकार झाला." मी फोन ठेवला. धीट बोलणं सोपं असतं. वडिलांची संस्था पणाला लावणं तितकं सोपं नव्हतं.

आकडे मात्र उतरत होते. मुंगी तो आकडा कोपऱ्यात निमूट दाखवते. ब्याऐंशी, ऐंशी, सत्त्याहत्तर. पोरी रोज आल्या आल्या आपापल्या यंत्राचं वय फळ्यावर लिहायच्या. जणू कुणाचा ताप उतरतोय. अडून बसले होते दोनच. वीस नंबर त्र्याऐंशीवर, आणि सात नंबर, ज्याच्यावर कौसल्या बसायची, ऐंशी आणि एकोणऐंशीच्या मधे हेलकावे खात.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी फेरतपासणी झाली. मीनल आली आणि तिच्यासोबत सहचरचे विभागीय प्रतिनिधी अद्वैत पत्की. इस्त्रीचा शर्ट, नम्र चेहरा. कंपनीला हजर राहण्याचा हक्क असतो म्हणे. मीनल माझ्याशी नजर चुकवून होती, मीही तिच्याशी.

पत्कींनी मुंगी बघितली आणि हसले. "हे खेळणं कुठून मिळालं?" मग म्हणाले, "सुरक्षेची खात्री करायला हवी." आणि नेमके सात नंबरवर बसून कसली तरी जड चाचणी लावली. अर्धा तास तो बिचारा घोंघावत होता. मागची जाळी हाताला चटका देत होती. चाचणीत चूक काही सापडली नाही.

मीनलने वाचक काढला. एक नंबर, त्र्याहत्तर. दोन, पंच्याहत्तर. तीन, एकाहत्तर. प्रत्येक आकड्याला पत्कींच्या चेहऱ्यावरची इस्त्री जराशी मोडत होती. "थांबा. हे शक्य नाही. यंत्रं तरुण होत नसतात. यांनी मापकाशी छेडछाड केली आहे."

मी तयार होते. पाटीवरच लिहून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. "फेरतपासणीतील वाचन अंतिम असेल व त्यास कोणत्याही पक्षास आव्हान देता येणार नाही. तुमच्याच कंपनीने कायद्याच्या समितीत बसून हे कलम घालून घेतलं, पत्कीसाहेब. आमच्यासारख्यांनी वाद घालू नये म्हणून. आता तुम्हीही घालू नका."

चाचा खोकल्यासारखं हसले. मीनल पुढे सरकली. एकोणीस हिरवे स्टिकर लागले. मग वीस नंबर, त्र्याऐंशी. लाल.

राहिला सात, तो तिने शेवटी ठेवला होता. कौसल्या भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं. मीनलने वाचक लावला.

"ऐंशी."

"ऐंशी वा अधिक," पत्की म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा सरळ झाला. "वाचन अंतिम. मॅडमनीच वाचून दाखवलं. एकोणीस यंत्रं, केंद्र रद्द. सोलापूरला आम्ही सर्वांची उत्तम सोय करू."

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. एका आकड्यासाठी! मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला कलम लागतं आणि माझी कलमं संपली होती.

मीनल लाल स्टिकर काढत नव्हती. तिने पिशवीतून एक जाड पुस्तिका काढली आणि उभ्या उभ्या चाळू लागली.

"काय शोधताय?" पत्कींनी विचारलं.

"बाई आम्हाला पहिल्या दिवशी सांगायच्या," ती पुस्तिकेतून मान वर न करता म्हणाली. "सगळा मजकूर वाचल्याशिवाय पहिल्या कळीला बोट लावायचं नाही. गेल्या वेळी बाई मला टाकून बोलल्या, मग घरी जाऊन मी ही पुस्तिका पहिल्यांदा पूर्ण वाचली. दोनशे बारा पानं. प्रशिक्षणात आम्हाला चारच पानं दिली होती." तिला पान सापडलं. "परिशिष्ट तीन. वाचनापूर्वी यंत्र किमान एक तास वीजपुरवठ्यापासून पूर्णपणे वेगळे असावे. तप्त यंत्राचे वाचन ग्राह्य धरू नये."

"ते कुणी पाळत नाही."

"आज पाळू."

"मग बाकीच्या एकोणीसांचं वाचनही रद्द होईल!"

"होऊ दे की. त्यांचंही पुन्हा घेते. गरम असताना ते पंच्याहत्तरला होते, थंड झाल्यावर वर जातील असं तुम्हाला वाटतं का?"

पत्कींनी मग हळू आवाजात, अगदी समजुतीने विचारलं. "दुधाळ मॅडम, विचार करा. पहिल्या तपासणीत तुम्ही हे परिशिष्ट पाळलं होतं का? इथं? किंवा तालुक्यात एका तरी ठिकाणी?"

मीनलने पुस्तिका मिटली. "नाही," ती म्हणाली. "एकाही ठिकाणी नाही." आणि वाकून तिने सात नंबरची वायर भिंतीतून स्वतः ओढली. मग बाकीच्यांच्या.

तो तास मला आठवतो. चाचांनी खालून चहा मागवला, पत्कींनी घेतला नाही. ते जिन्यात उभे राहून फोनवर बोलत होते. कौसल्या घड्याळाकडे बघत होती. सासूबाई पानगावात दारात बसल्या असणार. मी म्हटलं, "तू जा, उशीर होईल." ती म्हणाली, "बसू द्या त्यांना. मी आकडा बघूनच जाणार." इतक्या महिन्यांत तिचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मीनलजवळ जाऊन मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलंच माझं."

"नाही बाई. चुकलं नव्हतं."

तास भरला. वायरी लागल्या. मुंगी काही नमस्कार-चमत्कार करत नाही, सरळ उघडते. मीनलने वाचक लावला आणि तो आकडा मोठ्याने न म्हणता कौसल्यापुढे धरला.

"अठ्ठ्याहत्तर," कौसल्या म्हणाली. मग ओरडली, "बाई, अठ्ठ्याहत्तर!"

चाचांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच खाली चेहऱ्यावर घेतले. मी रडले. त्यात लपवायचं काय? चौदा टाइपरायटरांच्या वेळचं बाकी होतं तेही त्यातच आलं.

बाकीच्यांचे आकडे पुन्हा घेतले. सगळे उतरलेच. वीस नंबर तेवढा ब्याऐंशीवर राहिला. त्याला त्याचं लाल स्टिकर मिळालं आणि ते रास्त होतं. वीस हिरवे.

पत्की बॅग उचलून निघाले होते. "तुमचं केंद्र वाचलं. अभिनंदन," ते मला म्हणाले आणि मीनलकडे वळले, "आता हे इथंच राहू द्या."

"अहवाल लिहायचाय अजून," मीनल म्हणाली. "बाई, एक यंत्र द्याल का?"

"कुठलंही घे."

ती सात नंबरवर बसली. तिची जुनी जागा. खुर्ची पुढे ओढली, बोटं कळांवर ठेवली. सहा वर्षांत ती एकदाही टाइपरायटरच्या मांडणीवर बसली नसेल. क्षणभर थांबली, मग बोटं चालू लागली. आम्ही सगळे मागे उभे राहून पडद्यावर वाचत होतो.

'पहिल्या तपासणीच्या वेळी मी परिशिष्ट तीनचे पालन केले नाही. सर्व वाचने यंत्रे तप्त असताना घेतली. त्यामुळे बार्शी तालुक्यात मी कालबाह्य ठरवलेली एक हजार दोनशे सहा यंत्रे'

"मीनल मॅडम," पत्की पुढे आले. त्यांचा आवाज आता नम्र नव्हता. "शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, सगळ्यांनी नवीन यंत्रांची मागणी नोंदवली आहे. हे वाक्य पूर्ण केलंत तर सगळ्यात आधी तुमचं निरीक्षकाचं प्रमाणपत्र जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही. अजून पुसता येईल."

बोटं थांबली. मीनलचे खांदे खाली आले आणि ती जराशी पुढे वाकली. शिकत असताना घाबरली की ती अशीच वाकायची. तिच्या घरी आई होती, आजारी. नोकरी एकटीची. लिही म्हणायचा मला हक्क नव्हता, पूस म्हणायची माझी तयारी नव्हती.

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. चाळीस वर्षं ज्या जागी उभी राहते तिथेच. आणि चाळीस वर्षं जे म्हणते तेच माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"पाठ ताठ. नजर मजकुरावर."

मीनलची पाठ ताठ झाली. तिने कळांकडे न बघता वाक्य पूर्ण केलं.